बोट थांबत का नाही?

आठवीच्या वर्गात एकदा मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचे नाही, फक्त दोन आकडे लिहायचे, असे सांगितले. पहिला आकडा : काल संध्याकाळी मोबाईल हातात घेतला तेव्हा किती मिनिटे पाहायचा असे मनात होते? दुसरा आकडा : प्रत्यक्षात किती मिनिटे पाहिला? चिठ्ठ्या गोळा करून मी आकडे फळ्यावर लिहीत गेले. एकाही चिठ्ठीत दुसरा आकडा पहिल्याहून लहान नव्हता. बहुतेक चिठ्ठ्यांत तो कितीतरी मोठा होता.

"असे का होते?" मी विचारले. नेहमीची उत्तरे आली. "आम्ही आळशी आहोत." "आमचं मन ताब्यात नाही." ही उत्तरे खरे तर मुलांची नव्हतीच. आपण मोठ्यांनी त्यांना ऐकवलेलीच ती त्यांच्या तोंडून परत आली होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मी ठरवते दहाच मिनिटं म्हणून. पण बोट थांबतच नाही."

तिचे वाक्य मला अधिक शास्त्रीय वाटले. तिने स्वतःला नावे ठेवली नाहीत. जे घडते ते सांगितले. बोट थांबत नाही. ते का थांबत नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला काही उंदीर भेटतील, एक खेळ भेटेल, शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे लागेल, आणि शेवटी स्वतःकडेही पाहावे लागेल.

गोळ्या संपत आल्या तेव्हा

१९३० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बी. एफ. स्किनर हा तरुण मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होता. पेटीत एक दांडी बसवलेली असे. उंदराने ती दाबली की खाण्याची एक गोळी खाली पडे. या गोळ्या स्किनरला औषधी गोळ्या करण्याच्या हातयंत्रावर स्वतःच कराव्या लागत. आठ उंदीर रोज प्रत्येकी शंभर गोळ्या फस्त करीत. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आले, की उरलेला दिवस गोळ्या करण्यात घालवला नाही तर सोमवारी सकाळीच साठा संपणार.

तेव्हा त्याला प्रश्न पडला : दर वेळी गोळी द्यायलाच हवी का? त्याने मिनिटाला एकच गोळी मिळेल अशी व्यवस्था केली. मधल्या वेळात उंदराने दांडी कितीही वेळा दाबली तरी काही मिळायचे नाही. उंदीर कंटाळून दांडी सोडून देतील असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. ते दाबतच राहिले. कंटाळवाण्या कामातून सुटका व्हावी म्हणून केलेल्या युक्तीतून मानसशास्त्राची एक मोठी शाखा निघाली.

पुढे स्किनर आणि त्याचा सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी मुख्यतः कबुतरांवर असे असंख्य प्रयोग केले आणि १९५७ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. बक्षीस ठरावीक वेळाने द्यावे की अनिश्चित वेळाने, ठरावीक कृतींनंतर द्यावे की अनिश्चित कृतींनंतर, हे सारे त्यांनी तपासले. यांतली शेवटची तऱ्हा सर्वांत चिवट ठरली. बक्षीस कधी दोन टोचण्यांनंतर, कधी वीस टोचण्यांनंतर मिळत असेल, तर कबूतर सर्वांत जोरात आणि जवळजवळ न थांबता टोचत राहते. बक्षीस बंद केले तरी ते बराच काळ थांबत नाही.

असे का व्हावे? दर वेळी बक्षीस मिळत असेल, तर एकदा न मिळणे ही मोठी बातमी असते : यंत्र बिघडले, आता थांबावे. बक्षीस अनियमित असेल, तर एकदा न मिळण्याला काहीच अर्थ नसतो. कदाचित पुढच्या वेळी मिळेल! जुगाराच्या यंत्रासमोर बसलेला माणूस याच कारणाने उठत नाही, हे स्किनरने स्वतःच नोंदवले आहे.

आता मोबाईलच्या पडद्याकडे पाहा. बोटाने पडदा खाली ओढला की छोटे चक्र फिरते. नवे काही येईल किंवा येणार नाही. आले तर ते मैत्रिणीचे उत्तर असेल, किंवा एखादी रटाळ जाहिरात. पुढची चित्रफीत मजेदार असेल किंवा नसेल. दांडीच्या जागी बोट आले, गोळीच्या जागी चित्रफीत आली, आणि पेटी खिशात मावू लागली.

ही रचना करणारा प्रत्येक जण स्किनरची पुस्तके वाचून कट रचतो, असे मात्र समजू नये. घडते ते अधिक साधे आहे. कंपनी एका पडद्याची दोन रूपे तयार करते. काही लाख लोकांना एक रूप दाखवते, काही लाखांना दुसरे. ज्या रूपावर लोक जास्त वेळ थांबतात ते ठेवायचे, दुसरे टाकून द्यायचे. मग त्या रूपाची पुन्हा दोन रूपे. जीवशास्त्राच्या शिक्षकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. ही नैसर्गिक निवडीसारखीच एक निवड आहे. फक्त टिकण्याची कसोटी एकच : किती वेळ खिळवून ठेवले. मुलाची झोप, त्याचा अभ्यास, त्याचा आनंद, यांना या कसोटीत गुण नाहीत. अशा हजारो निवडींतून तावून निघालेली वस्तू मुलाच्या हातात येते. तेव्हा दुष्ट हेतू कोणाचा, हे शोधण्यापेक्षा कसोटी कोणती लावली होती, हे विचारणे अधिक उपयोगी.

करून पाहा. दोन मुलांना वेगवेगळे बोलवा. बाकावर टिचकी मारायची. चिंचोका मिळाला तर घ्यायचा. कंटाळा आला की "पुरे" म्हणायचे, एवढेच सांगा. एकाला दर तिसऱ्या टिचकीला चिंचोका द्या. दुसऱ्यासाठी आपण आडोशाला फासा टाका आणि एक किंवा दोन पडले तरच द्या. सरासरी दोघांची सारखीच, तीन टिचक्यांना एक. तीस टिचक्यांनंतर दोघांचेही चिंचोके गुपचूप बंद करा आणि "पुरे" म्हणेपर्यंत कोण किती टिचक्या मारतो ते मोजा. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. आठ-दहा जोड्या घेऊन सरासरी काढा. आणि खेळ संपल्यावर नियम मुलांना जरूर सांगा. वर्गातल्या खेळात आणि मोबाईलमधल्या खेळात हाच फरक आहे : तिथे नियम कोणी सांगत नाही.

थांबण्याच्या खुणा

पुस्तकात प्रकरण संपते. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. दूरदर्शनवरची मालिका अर्ध्या तासाने संपायची आणि उरलेली गोष्ट पुढच्या आठवड्यावर जायची. आई ताटात वाढते तेव्हा ताट रिकामे होते. या सगळ्या थांबण्याच्या खुणा आहेत. तिथे क्षणभर आपण जागे होतो आणि ठरवतो, की पुढे जायचे की उठायचे.

२००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली. पान तळाला आले की "पुढचे पान" असे बटण दाबावे लागू नये, पुढचा मजकूर आपोआप यावा, एवढाच त्याचा हेतू होता. त्याला ती सोय वाटली होती. नंतरच्या काळात त्याने तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण ते बटण नुसता अडथळा नव्हते. ती थांबण्याची खूण होती. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होणे, हा याच कल्पनेचा पुढचा टप्पा. एरवी पुढे जाण्यासाठी काही करावे लागते. इथे थांबण्यासाठी करावे लागते.

मुलांसाठी यात आणखी एक पेच असतो. स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी रोज, चोवीस तासांच्या आत एकमेकांना चित्र पाठवले की त्यांच्या नावापुढे दिवसांचा आकडा वाढत जातो. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. शंभर दिवसांचा आकडा घेऊन गावी गेलेले मूल तिथे रेंज नसली की कासावीस होते. त्याला मोबाईलचे वेड लागले आहे असे आपण म्हणतो. त्याला मैत्री मोडण्याची भीती वाटत असते.

मोठी माणसेही या सापळ्यांत अडकतात. मग मुलांची वेगळी काळजी का? किशोरवयात मेंदूतील बक्षिसाला प्रतिसाद देणारी यंत्रणा तीव्र असते, तर "थांब" म्हणणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. गाडी वेगात आली आहे, ब्रेक अजून बसवले जात आहेत. मोबाईलमुळे मुलांचे मानसिक आरोग्य नेमके किती बिघडते, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. उदास मूल मोबाईल जास्त पाहते की मोबाईल पाहून मूल उदास होते, हे वेगळे करणे कठीण आहे. पण आपल्या मुद्द्यासाठी त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. मूल थांबू इच्छिते आणि वस्तू त्याला थांबू देत नाही, एवढे काळजी करायला पुरेसे आहे.

बटणांची अदलाबदल

खिळवून ठेवणे वेगळे आणि फसवणे वेगळे. मनात नसलेली गोष्ट माणसाकडून करवून घेणाऱ्या पडद्यावरील रचनांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश तज्ज्ञाने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. आपण त्यांना फसव्या रचना म्हणू.

'फोर्टनाइट' या खेळाचे उदाहरण पाहा. २०१७ मध्ये आलेला हा खेळ खेळायला फुकट. पैसे आतल्या पोशाखांचे आणि नाचांचे. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने त्याच्या कंपनीवर, एपिक गेम्सवर, ठेवलेले आरोप वाचण्यासारखे आहेत. बटणांची कामे एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाताना बदलत. त्यामुळे झोपलेला खेळ जागा करताना, खेळ सुरू होण्याची वाट पाहताना, किंवा एखादा पोशाख नुसता न्याहाळताना शेजारचे बटण दाबले गेले की खरेदी होऊन जाई. पैसे परत मागण्याची वाट मुद्दाम आडबाजूला ठेवली होती. ज्यांनी बँकेकडे तक्रार केली त्यांची खाती बंद करण्यात आली. शिवाय अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती, आणि पालकांना न विचारता तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा केली जात होती. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. माहितीच्या प्रकरणात २७.५ कोटी डॉलर दंड आणि फसव्या खरेदीपोटी २४.५ कोटी डॉलरची परतफेड, मिळून ५२ कोटी डॉलर.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून तेरा प्रकारच्या फसव्या रचनांना मनाई केली. त्यांतल्या काही मुलांना सहज ओळखता येतात. "फक्त दोनच मिनिटे उरली!" अशी खोटी घाई. नको म्हणण्याच्या बटणावर "मला पैसे वाचवायचे नाहीत" असे लिहून लाजवणे. नको असलेले बटण ठळक आणि हवे असलेले फिकट करणे. सभासद होणे एका बोटाचे काम आणि सोडणे दहा पायऱ्यांचे. जाहिरातीला बातमीचा पोशाख चढवणे. पुन्हा पुन्हा तेच विचारून भंडावणे. या यादीचा एक तक्ता वर्गात लावला, तर आठवड्याभरात मुले उदाहरणांनी तो भरून टाकतील.

माहिती कशासाठी?

फुकट ॲप चालवायला पैसे लागतातच. ते बहुधा जाहिरातीतून येतात, आणि पाहणाऱ्याची जितकी बारीक ओळख, तितकी जाहिरात महाग. म्हणून नाव-गाव विचारण्यावर काम भागत नाही. कोणत्या चित्रावर बोट रेंगाळले, कोणते झटकन सरकवले, रात्री किती वाजता जाग होती, मोबाईल कोणत्या ठिकाणी होता, हे सारे टिपले जाते. अनेक ॲपमध्ये दुसऱ्याच कंपन्यांच्या आयत्या आज्ञावली बसवलेल्या असतात आणि त्या आपापल्या मालकांना माहिती पाठवत राहतात. प्रत्येक मोबाईलला जाहिरातींसाठी एक ओळखक्रमांक असतो. त्याच्या आधारे वेगवेगळ्या ॲपमधले तुकडे एकत्र जोडता येतात.

यूट्यूबच्या प्रकरणात हे उघड झाले. अमेरिकी आयोगाच्या तक्रारीनुसार ही कंपनी खेळणी बनवणाऱ्यांना सांगत होती, की मुलांपर्यंत पोचण्यात आम्ही आघाडीवर आहोत. त्याच वेळी दुसऱ्या एका जाहिरात कंपनीला सांगत होती, की आमच्याकडे तेरा वर्षांखालचे प्रेक्षकच नाहीत, त्यामुळे मुलांचा कायदा लागू नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटले.

शिक्षणाची ॲप तरी वेगळी असतील, असे आपल्याला वाटते. करोनाच्या काळात सरकारांनी सुचवलेली ४९ देशांतील १६४ शैक्षणिक साधने ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तपासली. मे २०२२ मध्ये तिने जाहीर केले, की त्यांतील १४६ साधने, म्हणजे ८९ टक्के, मुलांच्या हक्कांना धोका पोचेल किंवा त्यांचा भंग होईल अशा प्रकारे माहिती हाताळत होती. तपासलेल्या साधनांत आपल्या पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमागचे 'दीक्षा'ही होते.

"पण आम्ही नाव कुठे लिहिले? फक्त जन्मतारीख लिहिली," असे मुले म्हणतात. याचे उत्तर गणिताच्या तासाला देता येते. समजा, शाळेत सहा वयोगटांतली ६०० मुले आहेत. सहा वर्षांच्या तारखा ६ × ३६५ म्हणजे २१९०. प्रत्येक तारखेचे मुलगा आणि मुलगी असे दोन कप्पे केले तर एकूण ४३८० कप्पे. त्यांत ६०० चिंचोके कसेही टाकले, तर एखादा चिंचोका कप्प्यात एकटाच असण्याची शक्यता किती? दुसरा कोणताही एक चिंचोका त्या कप्प्यात न पडण्याची शक्यता ४३७९ भागिले ४३८०. असे उरलेले ५९९ चिंचोके. या अपूर्णांकाचा ५९९ वा घात काढला की उत्तर येते सुमारे ०.८७. म्हणजे ६०० पैकी जवळजवळ ५२० मुले केवळ जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी एवढ्यावरून, नाव न सांगता, ओळखता येतील. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या जनगणनेवरून असाच हिशेब मांडला होता. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के लोक एकटे पडतात, असे तिथे दिसले.

हे गणित जनरल रजिस्टरवर पडताळून पाहा. जन्म सगळ्या तारखांवर सारखे विखुरलेले नसतात, त्यामुळे उत्तर थोडे कमी येईल. रजिस्टर जुने असेल तर बरेच कमी येईल, आणि त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव घालताना पूर्वीचे गुरुजी १ जून ही तारीख टाकून देत. गावोगावच्या कितीतरी आजोबांचे वाढदिवस म्हणूनच एका दिवशी येतात. त्या गर्दीत माणूस लपून जातो. आपण नेमकी तारीख लिहू लागलो. ते योग्यच झाले. पण नेमकी नोंद ठेवणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारीही येते.

माझी यादी

इथे मला स्वतःची एक चूक सांगायला हवी. शाळा बंद होत्या त्या काळात सराव चाचण्यांसाठी मी एका फुकट ॲपवर वर्गाची यादी भरली. मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल क्रमांक. ॲप चांगले होते, गुण आपोआप मांडून मिळत. पालकांना विचारावे असे मला सुचलेही नाही. काही आठवड्यांनी पालकांना शिकवणी वर्गांचे फोन येऊ लागले. बोलणाऱ्याला मुलाचे नाव माहीत होते, इयत्ता माहीत होती. एक आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, आमचा नंबर त्यांना कुणी दिला?"

माझ्या यादीतूनच तो गेला, हे मला सिद्ध करता येत नाही. पण "मी दिला नाही" असेही मला म्हणता आले नाही. घरातला मोबाईल जपून वापरा, असे मी त्याच बाईंना पालकसभेत सांगितले होते.

मूल घरी मोबाईलवर जी माहिती सांडते तिची चर्चा आपण खूप करतो. शाळा जी ओतून देते तिची करत नाही. स्पर्धेचे फॉर्म, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरचे नावासकट फोटो, निकालाच्या तक्त्यांची छायाचित्रे. मुलाला यांत "नको" म्हणण्याची सोयच नसते, कारण मागणारे आपण असतो.

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या माहितीसाठी अमेरिकेने १९९८ मध्ये पहिला मोठा कायदा केला. तो तेरा वर्षांखालील मुलांपुरता आहे. जगभरच्या ॲपवर दिसणारी "वय १३ पूर्ण" ही अट मुख्यतः तिथून आली. तेराव्या वर्षी मूल सुजाण होते, असा काही शास्त्रीय शोध तिच्यामागे नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. हे कर्तव्य मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती काही सवलत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली.

संमतीची ही वाट चांगली आहे, पण ती एकटी पुरेल का? अनेक घरांत आईबाबांचा मोबाईल मूलच लावून देते. ओटीपी तेच वाचते, "मान्य आहे" तेच दाबते. शिवाय मूल अठरा वर्षांखालचे आहे हे पडताळायचे, तर सगळ्यांकडूनच वयाचा पुरावा मागावा लागतो. माहिती वाचवण्यासाठी आणखी माहिती द्यावी लागते. दारावर पहारा बसवण्याचा मार्ग ऑस्ट्रेलियाने अधिक कडकपणे स्वीकारला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही.

ब्रिटनने निराळा विचार केला. मुलाला बाहेर ठेवण्याऐवजी आतली खोलीच मुलांना सोसेल अशी बांधायला सांगितली. तिथली पंधरा मानके २०२० मध्ये लागू झाली आणि कंपन्यांना २ सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत मिळाली. मुलांसाठी खासगीपणाची सर्वांत कडक निवड आधीपासूनच केलेली असावी, ठिकाण टिपणे बंद असावे, मुलांना जास्त माहिती द्यायला चुचकारू नये, अशी ती मानके आहेत.

"आधीपासूनच केलेली निवड" हे शब्द साधे दिसतात, पण त्यांत फार ताकद आहे. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी युरोपातील अवयवदानाची संमती तपासली. जर्मनीत दाता व्हायचे तर तसे कळवावे लागे. तिथे १२ टक्के लोक दाते होते. शेजारच्या ऑस्ट्रियात व्हायचे नसेल तर कळवावे लागे. तिथे प्रमाण होते ९९.९८ टक्के. दोन्हीकडे माणसे साधारण सारखीच. फरक होता तो आधी भरलेल्या उत्तराचा. बहुतेक माणसे ते उत्तर बदलत नाहीत. मग ते कोण भरतो, हाच खरा प्रश्न.

ब्रिटनची मुदत संपत आली तेव्हा, २०२१ च्या उन्हाळ्यात, यूट्यूबने तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी पुढची चित्रफीत आपोआप सुरू होणे आधीपासून बंद ठेवले. इन्स्टाग्रामने सोळा वर्षांखालील मुलांची नवी खाती खासगी केली. टिकटॉकने तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना रात्री नऊनंतर सूचना पाठवणे थांबवले. वर्षानुवर्षे "मुलांनी स्वतः आवर घालावा" असे सांगितले जात होते. आवर घालण्याची कळ कंपनीच्या हातात होती, आणि ती एका उन्हाळ्यात फिरवता आली.

आपल्याला काय करता येईल?

कंपनीची कळ आपल्या हातात नाही, पण काही लहान कळा आहेत. वर्गात मोबाईल नसला तरी त्या फळ्यावर समजावता येतात आणि मुले घरी जाऊन पालकांबरोबर फिरवू शकतात. चित्रफीत आपोआप सुरू होणे बंद करावे. माणसांनी पाठवलेले संदेश सोडून बाकीच्या सूचना बंद कराव्यात. कोणत्या ॲपला ठिकाण, माईक आणि फोटो यांची परवानगी आहे ते पाहावे आणि ज्याला गरज नाही त्याची काढावी. नव्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये जाहिरातींचा ओळखक्रमांक पुसून टाकता येतो. प्रत्येक कळ फिरवताना मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगावा : ही आधी कोणी लावून ठेवली होती, आणि कोणाच्या सोयीसाठी?

शाळेसाठी मी आता स्वतःला एक शिस्त घालून घेतली आहे, आणि ती मला त्या पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्यांनीच शिकवली. तेव्हा मी फक्त दोन आकडे मागितले होते, कारण तेवढेच हवे होते. नाव नको होते म्हणून विचारले नाही. आकडे कशासाठी ते आधी सांगितले, निष्कर्ष फळ्यावर सर्वांसमोर मांडला आणि तास संपल्यावर चिठ्ठ्या फाडून टाकल्या. कोणाला चिठ्ठी द्यायची नसेल तर कोरी देण्याची मुभा होती. कोणताही फॉर्म किंवा ॲप वर्गात आणण्यापूर्वी मी आता हेच विचारते : एवढी माहिती खरेच लागते का, ती कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार, आणि नको म्हणता येते का? उत्तर मिळाले नाही तर यादी भरत नाही. गुण मी वहीत मांडते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने नंतर घरी पुढची चित्रफीत आपोआप सुरू होणे बंद केले. काय फरक पडला, असे मी विचारले. ती म्हणाली, "अजून बघते बाई. पण आता मधे मधे थांबतं. थांबलं की कळतं, किती वाजले."